चिकटलेल्या सांध्यांची उकल : प्लास्टिकच्या ॲक्शन फिगर आणि वऱ्हाडचे हवापाणी

ज्या खेळण्यातील मानवी आकृतीचे हात, पाय, मान आणि कंबर सांध्यांवर वळू शकतात आणि त्यामुळे तिला हवी ती मुद्रा देता येते, त्या आकृतीला ॲक्शन फिगर म्हणतात. आणि कारखान्यातून आलेली अशी आकृती उघडून, तिचे शीर किंवा हात बदलून, तिला नव्याने रंगवून दुसरेच पात्र घडवण्याच्या कलेला कस्टमायझिंग हे इंग्रजी नाव रूढ झाले आहे. या कलेत रंगकामाची आणि नव्या शिल्पाची चर्चा पुष्कळ होते, परंतु तिचे खरे दार त्याआधीच येते, कारण जी आकृती नीट सुटी होत नाही तिच्यावर पुढचे कोणतेच काम नीट होत नाही. मराठीत गाठ, गणित आणि अडकलेला माणूस या तिघांनाही 'सोडवणे' हे एकच क्रियापद लागू पडते, आणि गोंदाने किंवा वितळवून बंद केलेली आकृती उघडताना या तिन्ही अर्थांचे भान लागते : गाठ कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखावे लागते, ती कोणत्या क्रमाने सुटेल हे गणितासारखे मांडावे लागते, आणि आत अडकलेला भाग न मोडता बाहेर काढावा लागतो. या विषयावर जगभर जे पाठ सांगितले जातात ते बहुतेक थंड, दमट किंवा मऊ पाण्याच्या प्रदेशात तयार झालेले आहेत. अमरावती आणि अकोल्याच्या कोरड्या उष्ण हवेत आणि खाऱ्या पाण्यात ते जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना जोडांचे शास्त्र आणि वऱ्हाडचे हवापाणी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सुटे भाग जोडून मूर्ती उभी करणे आणि काम झाल्यावर ती पुन्हा सुटी करणे ही गोष्ट वऱ्हाडातील घरांना मुळीच परकी नाही. भाद्रपदातील ज्येष्ठागौरीला, म्हणजे वऱ्हाडी घरांतील महालक्ष्म्यांना, मुखवटे वेगळे असतात, हात वेगळे असतात आणि धड म्हणून लोखंडी कोथळे किंवा डबे-कोठ्यांची उतरंड असते. आवाहनाच्या दिवशी हे भाग एकमेकांवर बसवून, साडी नेसवून, दागिने घालून मूर्ती पूर्ण होते आणि विसर्जनानंतर त्याच क्रमाच्या उलट क्रमाने ती उतरवून, मुखवटे कापडात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवले जातात. कोणत्याही जोडाला गोंद लागत नाही. वजन, खाच आणि बांधणी यांवर सगळे उभे राहते, आणि एका पिढीचा मुखवटा पुढच्या पिढीच्या कोथळ्यावर बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुले जो तान्हा पोळा साजरा करतात, त्यातला चाकांवरचा लाकडी बैलही असाच दरवर्षी नव्याने रंगवला, सजवला आणि दुरुस्त केला जातो, आणि त्याचे निसटलेले चाक किंवा शिंग घरीच पुन्हा बसवता येते. तात्पर्य एवढेच की खेळणे किंवा मूर्ती आपल्या हाताने बदलण्याची सवय येथे जुनी आहे. नवे आहे ते बंद प्लास्टिक.

प्लास्टिकच्या ॲक्शन फिगरचा इतिहास या दृष्टीने वाचला तर तो जोडांच्या बदलाचा इतिहास ठरतो. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने जी.आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, आणि मुलग्यांच्या खेळण्याला बाहुली म्हणायचे नाही म्हणून ॲक्शन फिगर हा शब्द तेव्हा प्रचारात आला. १९७८ मध्ये केनर कंपनीच्या स्टार वॉर्स मालिकेने पावणेचार इंचांची उंची रूढ केली, आणि १९८२ मध्ये हॅस्ब्रोने त्याच उंचीचा नवा जी.आय. जो काढला, जो सोडवणाऱ्याच्या नजरेने पाहता आजवरच्या सर्वांत उदार आकृत्यांपैकी एक आहे. भारतात ही आकृती एमआरएफ समूहाच्या फनस्कूल या कंपनीने परवान्याने बनवली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे कारखाने गोव्यात आणि तमिळनाडूतील रानिपेट येथे आहेत, आणि तिचे हे सैनिक १९९०च्या दशकात भारतीय मुलांच्या हाती आले. त्याच्या थोडे आधी, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, सूटकेससाठी प्रसिद्ध असलेल्या मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ या नावाखाली मॅटेल कंपनीच्या ही-मॅन मालिकेतील आकृत्या भारतात मिळू लागल्या होत्या. या दोन आकृत्या शेजारी ठेवून पाहिल्या की प्रश्नाची दोन टोके दिसतात.

पावणेचार इंची जी.आय. जोच्या पाठीवर एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरवून काढला की धडाचे पुढचे आणि मागचे असे दोन पाळे अलग होतात, त्यांच्यात पकडलेले दोन्ही हात आणि मान आपोआप सुटतात, आणि आत एक काळी रबरी कडी दिसते, जिला ओ-रिंग म्हणतात. ही कडी पायांच्या आकड्याला धडाशी ताणून धरते, आणि तिच्या ताणामुळेच कंबर वळते आणि परत जागेवर येते. म्हणजे आकृतीचा सगळा तोल एका स्क्रूवर आणि एका रबरी कडीवर असतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ही कडीच आधी हार खाते : पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात काही उन्हाळे काढले की रबर कोरडे पडून तडकते, आणि एके दिवशी आकृती उचलताच पाय खाली गळून पडतात. परंतु या दोषावर उपाय सोपा आहे, कारण त्या मापाच्या जवळपासची ओ-रिंग मोटारपंपाच्या किंवा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळू शकते, आणि स्क्रू असल्यामुळे ती बसवायला कोणतीच मोडतोड करावी लागत नाही. ही-मॅनचे तसे नाही. त्याचे डोके मऊ असून मानेच्या खुंटीवर बसवलेले असते, त्यामुळे ते गरम करून काढता येते. पाय आतल्या रबरी पट्ट्याने एकमेकांना बांधलेले असतात. पण तो पट्टा तुटला की त्याच्यापर्यंत पोहोचायला धडाचे कायमचे जोडलेले दोन पाळे शिवणीवर फोडावे लागतात. एकाच दशकातील या दोन रचनांपैकी एकीत दुरुस्तीची वाट ठेवलेली होती आणि दुसरीत ती बंद केलेली होती.

पुढे बंद करण्याची पद्धतच प्रबळ झाली, आणि तिच्यामागची कारणे समजून न घेता तिला दोष देणे योग्य नाही. स्क्रूला धातूचा भाग, त्यासाठी भोक, ते भोक पेलणारा जाड खांब आणि बसवायला वेळ लागतो; चिकटवलेल्या जोडाला यांपैकी फारसे काही लागत नाही. त्याहून महत्त्वाचे कारण सुरक्षिततेचे आहे. लहान मुलाच्या तोंडात जाऊन श्वास अडवू शकेल असा भाग खेळण्यापासून सुटता कामा नये, हे तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात, ज्यात पूर्णपणे मावणारा भाग तीन वर्षांखालील मुलांसाठी धोक्याचा मानला जातो. ओढून आणि पिळून पाहण्याच्या चाचण्यांत असा भाग निघू नये म्हणून उत्पादक तो घट्ट बंद करतात. याच सुरक्षिततेचा दुसरा चेहरा असा की ज्या खेळण्यांत बटनासारखे चपटे सेल असतात त्यांचे झाकण हत्याराशिवाय उघडू नये असा नियम असल्यामुळे तेथे स्क्रू टिकून राहिला आहे. म्हणजे नियम स्क्रूच्या विरुद्ध नाहीत. स्वस्ताई आणि वेग त्याच्या विरुद्ध आहेत.

बंद जोडांचे तीन प्रकार एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळे ओळखले पाहिजेत, कारण नवख्या माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक मोडतोडीचे मूळ येथील गल्लतीत असते. पहिला प्रकार दाबून बसवलेल्या जोडाचा : खुंटीचे टोक छत्रीसारखे फुगीर असते, ते खाचेत जोराने ढकलले की आत जाऊन अडकते, आणि त्यात गोंद नसतोच. दुसरा प्रकार खऱ्या गोंदाचा : दोन प्लास्टिकच्या पृष्ठांमध्ये तिसरा पदार्थ भरलेला असतो, आणि त्या तिसऱ्या पदार्थाला कमजोर केले की जोड सुटतो. तिसरा प्रकार सांधणीचा, आणि येथे तिसरा पदार्थ उरतच नाही : द्रावकाने दोन्ही पृष्ठे विरघळवून एकमेकांत मिसळलेली असतात, किंवा सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने देणाऱ्या श्राव्यातीत यंत्राने शिवणीवरची बारीक कड वितळवून दोन्ही पाळे एकजीव केलेले असतात. वऱ्हाडातील शेतकऱ्याला हा तिसरा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीपासून शेतापर्यंत नेलेल्या पीव्हीसी पाइपला सोल्युशन लावून कपलर बसवला की तो जोड उघडत नाही. गळती झाली तर पाइप करवतीने कापून नवा कपलर घालावा लागतो. सांधलेल्या आकृतीचेही तसेच आहे : तिथे गोंद विरघळवण्याचा कोणताही उपाय लागू पडत नाही, आणि जो उपाय जोड विरघळवील तो आकृतीही विरघळवील.

जोडाइतकेच प्लास्टिक कोणते हेही महत्त्वाचे आहे. एकाच आकृतीत सामान्यतः दोन-तीन प्लास्टिके असतात : डोके, केस, हाताचे पंजे आणि अंगावरचा झगा मऊ पीव्हीसीचा, धड आणि मांड्या एबीएस नावाच्या कठीण प्लास्टिकच्या, आणि सांध्यातील खुंट्या पुष्कळदा नायलॉनच्या किंवा अॅसिटल नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या. कोणते प्लास्टिक आहे हे हाताला काही अंशी कळते, आणि निघालेला सुटा तुकडा असेल तर पाण्याचा उपयोग होतो, कारण पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, तर एबीएस, पॉलिस्टायरीन, पीव्हीसी आणि अॅसिटल बुडतात. मीठ घालून पाणी भारी केले की एबीएस आणि पॉलिस्टायरीन वर येतात, तर कठीण पीव्हीसी आणि अॅसिटल तळाशीच राहतात. ही परीक्षा घरच्या ग्लासात होते, पण पोकळ तुकड्यात हवा राहिली तर ती फसते, म्हणून तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून बुडबुडे काढून टाकावे लागतात.

सोडवण्याच्या सर्व उपायांत उकळत्या पाण्याला पहिला मान दिला जातो, आणि तो योग्यच आहे. त्यामागचे गणित मात्र फार थोड्यांना माहीत असते. प्रत्येक प्लास्टिकला एक तापमान असते ज्याच्यावर ते काचेसारखे कडक न राहता चामड्यासारखे मऊ होते. कठीण पीव्हीसीसाठी ते सुमारे ८० अंश सेल्सियस असते आणि मऊकारक द्रव्य घातलेल्या पीव्हीसीसाठी त्याहून बरेच कमी, पॉलिस्टायरीनसाठी सुमारे १०० अंश, आणि एबीएससाठी सुमारे १०५ अंश. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटरवर आणि अमरावती साधारण ३४० मीटरवर असल्यामुळे तेथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे उकळते पाणी पीव्हीसीचे डोके लोण्यासारखे मऊ करते, पण त्याच्या आतली एबीएसची खुंटी तशीच ताठ राहते. आणि बाहेरची खाच सैल व आतली खुंटी घट्ट अशी स्थिती आली की डोके सहज वर येते. पॉलिस्टायरीनच्या आकृतीला मात्र हे तापमान अगदी उंबरठ्यावरचे आहे. तिला जास्त वेळ पाण्यात ठेवले तर तिचा आकारच बिघडतो. चिखलदऱ्यासारख्या सुमारे अकराशे मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळत असल्याने तेथे थोडा अधिक वेळ द्यावा लागतो.

प्रत्यक्ष कृती सावकाश पाहिली पाहिजे. पातेल्यातले पाणी उकळून आच बंद करावी, आकृतीचा हवा तेवढाच भाग पाण्यात धरावा, आणि एक ते तीन मिनिटांनी ती बाहेर काढून कापडात धरून मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला किंचित वळवावी; सरळ ओढू नये. ओढण्याआधी वळवल्याने आतला गोंदाचा पातळ थर तुटतो आणि तुटताना एक बारीक टक् असा आवाज येतो, जो ऐकायची सवय झाल्यावर कानच सांगतात की आता वर उचलायचे. एबीएसच्या भागावर वळवताना जर पांढुरकी रेघ उमटू लागली तर लगेच थांबावे, कारण ती रेघ प्लास्टिक आतून ताणले जाऊन फाटायला लागल्याची खूण असते, आणि तिच्या पुढचा क्षण मोडण्याचा असतो. तो भाग पुन्हा गरम पाण्यात घालावा. नायलॉनच्या खुंट्यांना या उकळण्याचा एक जादा लाभ होतो, कारण नायलॉन पाणी शोषून अधिक लवचिक होते आणि लवकर मोडत नाही. पातेले मात्र स्वयंपाकाचे नसावे; मऊ पीव्हीसीतील मऊकारक द्रव्ये गरम पाण्यात उतरू शकतात, आणि त्यांपैकी थॅलेट वर्गातील काहींवर खेळण्यांच्या मानकांत मर्यादा घातलेली आहे.

पाण्याविषयी वऱ्हाडात एक वेगळीच सूचना द्यावी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आणि क्षारयुक्त आहे. त्या पाण्यात आकृती उकळली तर सुकल्यावर सांध्यांच्या खाचांत पांढरी साय धरते, जी रंग देताना पापुद्र्यासारखी निघते आणि सांधा वळताना करकर करते. म्हणून बोअरवेलचे पाणी न वापरता गाळून शुद्ध केलेले पाणी घ्यावे, किंवा निदान शेवटी तशा पाण्याने आकृती धुऊन कोरडी करावी.

घट्ट चिकटलेल्या वस्तू उष्णतेने उघडण्याचे कौशल्य अकोला आणि अमरावतीच्या बाजारात रोज चालू असते, फक्त ते खेळण्यांवर नव्हे तर मोबाइलवर. मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर फुटलेली काच काढताना कारागीर फोन तापवलेल्या पट्टीवर ठेवतो, किंवा ब्लोअरची गरम हवा कडेकडेने फिरवतो, गोंद मऊ झाला की कडेत पातळ पट्टी सरकवतो, आणि पुढे तारेने किंवा पट्टीने गोंदाची रेघ कापत जातो. घाई केली तर आतला पडदा जातो हे त्याला पक्के ठाऊक असते. ॲक्शन फिगरच्या कामाला लागणारे जवळजवळ सगळे ज्ञान या कारागिराच्या हातात आहे : उष्णता एका जागी न देता फिरती ठेवणे, जोडाची कड शोधणे, पट्टी ओढण्याऐवजी सरकवणे. फरक एवढाच की त्याच्या ब्लोअरचे तापमान शेकडो अंशांवर नेता येते आणि पीव्हीसी तितके तापले की हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सोडते. म्हणून आकृतीवर ब्लोअर वापरायचा तर कमी तापमानाला, दुरून आणि उघड्या खिडकीजवळ. या हस्तकलेला वऱ्हाडात गुरू शोधायचा असेल तर तो परदेशी चित्रफितींपेक्षा या काउंटरवर आधी शोधावा.

गोंदांमध्ये सर्वांत जास्त भेटणारा गोंद सायनोॲक्रिलेट होय, ज्याला घरोघरी फेव्हिक्विक या एका छापाच्या नावाने ओळखतात. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांना पारदर्शक प्लास्टिकचा शोध घेताना हा पदार्थ सापडला, फार चिकट म्हणून तो बाजूला ठेवला गेला, १९५१ मध्ये त्याचे महत्त्व पुन्हा लक्षात आले आणि १९५८ मध्ये तो विक्रीस आला. हवेतील आणि पृष्ठभागावरील ओलाव्यामुळे तो कडक होतो, आणि हीच गोष्ट वऱ्हाडात निर्णायक ठरते. एप्रिल-मेच्या दुपारी, जेव्हा तापमान ४५ अंशांच्या आसपास असते आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा हा गोंद नीट धरत नाही, आणि तो धरत नाही म्हणून माणूस आणखी थेंब टाकतो. परिणामी जादा गोंद सांध्यात पसरतो आणि रात्री हवा थंडावल्यावर संपूर्ण सांधा जखडतो. पावसाळ्यात किंवा पाण्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत तोच गोंद भराभर धरतो, पण त्याची वाफ शेजारच्या पृष्ठावर पांढऱ्या धुक्यासारखी बसते. घरात दुरुस्त केलेल्या जुन्या आकृत्यांचे जखडलेले खांदे आणि पांढुरक्या माना बहुधा याच दोन ऋतूंच्या खुणा असतात, आणि त्या वाचता आल्या की आधीच्या दुरुस्तीचा ऋतूसुद्धा कळतो.

हा गोंद सुमारे ८० अंशांच्या वर कमजोर होतो, म्हणून उकळते पाणी त्यावरही चालते. आणि थंडीत तो ठिसूळ होतो, म्हणून आकृती पिशवीत बांधून काही तास घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, ठेवली आणि मग जोड झटक्याने वळवला तर गोंद काचेसारखा तडकतो. थंडीचा उपाय ओढण्याच्या ताकदीपेक्षा झटक्यावर चालतो, आणि तेथेच त्याचा धोकाही आहे, कारण थंडीत प्लास्टिकही कडक झालेले असते आणि बारीक मनगटाची खुंटी गोंदाच्या आधी मोडू शकते. म्हणून जाड मांड्या-खांद्यांसाठी थंडी आणि बारीक मनगट-घोट्यांसाठी उष्णता, अशी विभागणी अनेकांच्या अनुभवाला उतरलेली दिसते. अॅसिटलच्या, पॉलिप्रॉपिलीनच्या आणि पॉलिथिलीनच्या खुंट्यांवर हा गोंद मुळातच नीट धरत नाही. तेथे जखडलेला सांधा नुसत्या गरम पाण्याने आणि धीराने सुटतो.

द्रावकांविषयी अधिक स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या क्षेत्रात सर्वांत जास्त नासाडी त्यांनीच झालेली आहे. ॲसिटोन, जो नेलपॉलिश काढण्याच्या अनेक द्रवांत असतो, सायनोॲक्रिलेट विरघळवतो. परंतु तो एबीएस आणि पॉलिस्टायरीनही विरघळवतो आणि पीव्हीसी फुगवून मऊ करतो, त्यामुळे गोंद सुटण्याआधीच चेहरा वितळून जातो. 'ॲसिटोनविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवांत बहुधा इथाइल ॲसिटेट असते आणि तेही याच प्लास्टिकांवर चाल करते. रंगाच्या दुकानात मिळणारे थिनर आणखी वाईट. आयसोप्रोपाइल अल्कोहोल प्लास्टिकला सहसा बाधत नाही, पण त्याने गोंद विरघळत नाही; त्याचा खरा उपयोग कारखान्याचा रंग काढण्यासाठी आहे. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो, आणि त्याची वाफ उणे २० अंशांपासूनच पेट घेऊ शकते. वऱ्हाडच्या मे महिन्यातील खोलीत त्याची बाटली उघडी ठेवणे आणि शेजारी पाणी उकळायला गॅस पेटवणे या दोन गोष्टी एकाच वेळी कधीही होऊ देऊ नयेत. या लेखातील एकच सूचना लक्षात राहायची असेल तर ती हीच असावी.

सांधलेल्या जोडाला कापण्याखेरीज वाट नसते, हे एकदा मान्य केले की कापण्याची भीती जाते. श्राव्यातीत सांधणीची शिवण प्रकाशात आडवी धरली की केसासारखी रेघ दिसते. तिच्यात ब्लेडची धार प्रथम हलक्या हाताने अनेकदा फिरवून खोबण पाडायची, मग सराफा बाजारात मिळणारी सोनारकामाची बारीक करवत त्या खोबणीतून चालवायची, आणि आतल्या खांबांपाशी आल्यावर थांबून धड उकळत्या पाण्यात घालून पाळे अलग करायचे. बहिरमसारख्या यात्रेत, जी अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी २० डिसेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ भरते, मिळणारी स्वस्त पोकळ खेळणी याच कामाच्या सरावासाठी उत्तम, कारण त्यांची शिवण ठळक असते आणि ती बिघडली तरी जीव हळहळत नाही.

जुन्या आकृत्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तेथे सोडवणारे आणि जपणारे यांच्यात खरा मतभेद आहे. उष्णतेने मऊ पीव्हीसीतील मऊकारक द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते, पृष्ठ चिकट होते, आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनच्या भागात ते द्रव्य शिरून त्याला विरघळल्यासारखे डाग पाडते. कधी गोंद नसतानाही दोन भाग त्यामुळे एकमेकांना घट्ट धरून बसतात. जपणाऱ्यांचे म्हणणे असे की फनस्कूलचा किंवा लिओचा जुना नमुना पुन्हा बनणार नाही, म्हणून तो उघडू नये, त्याचा मूळ रंग खरवडू नये. हे म्हणणे पूर्ण पेटीसह टिकलेल्या आकृतीला लागू आहे. पण ज्याची कडी तुटली, हात हरवला, किंवा कुणीतरी पूर्वीच गोंदाने जखडून टाकला त्या सैनिकाला हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे. त्याला सोडवून पुन्हा वळता करणे हेच त्याच्यासाठी योग्य आहे. मूळ भाग फेकू नयेत आणि जुना रंग घासताना कोरडे न घासता ओले घासावे, कारण जुन्या रंगांत शिसे किंवा कॅडमियम असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ श्वासात जाऊ नये.

बाजाराची परिस्थितीही गेल्या काही वर्षांत बदलली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेण्यात आले, २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्यामुळे बाहेरून येणारी आकृती महाग झाली आणि एक आकृती दोनदा-तीनदा वापरण्याचे, म्हणजे तिचे भाग दुसरीला लावण्याचे, महत्त्व वाढले. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले, परंतु त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने यांचा विचार आहे. खेळणी त्यात आलेली नाहीत. मुलाच्या हातात पहिल्यांदा येणारी वस्तू जर कधीच न उघडणारी असेल, तर पुढे वस्तू उघडून पाहण्याची हिंमत त्याने कोठून आणावी, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा. त्याच वेळी हेही खरे की एकदा सोडवून पुन्हा जोडलेली आकृती मानकाच्या चाचणीतून गेलेली राहत नाही, म्हणून ती तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये.

शेवटी उरतो तो बंद करण्याचा प्रश्न, आणि येथे अनेक कुशल कारागीर गोंदाकडे परत जात नाहीत. धडाच्या दोन पाळ्यांत आतल्या खांबांना हातड्रिलने बारीक भोक पाडून जुन्या मोबाइलमधून निघालेले सूक्ष्म स्क्रू बसवतात. भोक स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित लहान ठेवतात आणि स्क्रू पहिल्यांदा फिरवताना दर अर्ध्या फेऱ्यानंतर मागे घेतात, म्हणजे आटे प्लास्टिकमध्ये स्वच्छ कापले जातात. मानेत गोंदाऐवजी तीन मिलिमीटरचे चकतीसारखे चुंबक बसवतात, एक खुंटीच्या माथ्यावर आणि एक डोक्याच्या आत, आणि बसवण्याआधी दोन्हींचे ध्रुव शाईने खुणावून ठेवतात, कारण उलटा चुंबक एकदा चिकटला की डोके मानेवरून उडी मारते आणि तो चुंबक काढण्यासाठी पुन्हा पातेले चुलीवर ठेवावे लागते.